मरीआईचा गाडा

पटकीची साथ आली की पूर्वी आपल्याकडच्या कित्येक गावांत मरीआईचा गाडा काढीत असत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, लिंबे, नैवेद्य. वाजतगाजत तो गाडा शिवेपर्यंत न्यायचा, शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा आणि मागे न पाहता परत फिरायचे. शेजारचे गाव तोच गाडा पुढच्या शिवेवर नेऊन सोडी. अशा रीतीने मरीआई गावोगाव फिरे आणि पटकीही फिरे.

या चालीला हसणे सोपे आहे; पण हसण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी आमची श्रोत्यांना विनंती आहे. त्या गाड्यामागे एक अचूक निरीक्षण होते. रोग गावागावांतून प्रवास करतो, हे त्या लोकांनी बरोबर ओळखले होते. प्रवास करते ते नेमके काय, हे मात्र त्यांना दिसत नव्हते. आणि जे दिसत नाही त्याला माणूस देवाचे किंवा दैवाचे नाव देतो. आपल्या भाषेत तर एका रोगाचे नावच 'देवी' असे होते आणि तिची लस टोचणाऱ्याला लोक 'देवी डॉक्टर' म्हणत. रोग आणि देवता यांत शब्दाचेही अंतर उरलेले नव्हते.

गेल्या दोनअडीचशे वर्षांत माणसाला न दिसणाऱ्या दोन वस्तूंची ओळख पटली. एक सूक्ष्म जंतू आणि दुसरी अणू. या ओळखीने औषधे दिली, यंत्रे दिली, बाँबही दिला. तो इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. आम्ही आज एवढेच पाहणार आहोत, की 'हे माझ्याच वाट्याला का आले?' या जुन्या प्रश्नाचे उत्तर या दोन शोधांनी कसे बदलले. आम्ही शास्त्रज्ञ नाही. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण ग्रंथालयातील फुकट पुस्तकांवर आणि कामगारांच्या संघटनेत झाले. पण हा प्रश्न आम्ही कामगारांच्या घरी बसून फार वेळा ऐकला आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्हांला विज्ञानाच्या दारी जावे लागले.

आरंभ लंडनमधील एका पंपापासून करू. १८५४ च्या ऑगस्टअखेर त्या शहरातील सोहो भागात पटकीचा मोठा उद्रेक झाला. सुमारे सहाशे माणसे गेली. त्या काळचे डॉक्टर म्हणत, की रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून होतो. डॉ. जॉन स्नो यांचे मत निराळे होते. ते घरोघर हिंडले, कोण मेले आणि त्याने पाणी कोठले प्याले याची नोंद करीत गेले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या भोवती होते. पण एवढ्यावर दुर्गंधीवाले गप्प बसले नसते. हवा तर त्या भागात सर्वांचीच एक होती. तेव्हा स्नो यांनी अपवाद शोधले, आणि ते त्यांना दोन कारखान्यांत सापडले.

त्या रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या तयार करण्याचा एक कारखाना होता. तेथे सुमारे दोनशे कामगार होते. त्यांच्यासाठी त्या पंपाच्या पाण्याची दोन पिंपे नेहमी भरून ठेवलेली असत. त्यांतले अठरा कामगार पटकीने मेले. त्याच रस्त्यावर बिअर गाळण्याचा कारखाना होता. तेथे सत्तरावर कामगार होते आणि त्यांतला एकही पटकीने दगावला नाही. त्यांना कारखान्यात बिअर प्यायला मिळे, कारखान्याची स्वतःची विहीर होती आणि रस्त्यावरच्या पंपाकडे ते सहसा जात नसत. रस्ता तोच, हवा तीच, दुर्गंधी तीच; फरक पाण्याचा. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ त्याआधीच उतरू लागली होती, असे स्नो यांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पण पुराव्याचे काम कारखान्यांच्या हिशेबाने केलेलेच होते.

त्या नोंदीत एक बारीक गोष्ट आहे. ते अठरा कामगार कारखान्यात मेले नाहीत, आपापल्या घरी मेले. कोणी घरोघर जाऊन विचारले नसते, तर अठरा घरांत अठरा निरनिराळी दुर्दैवे घडली असे वाटले असते. ती एकत्र मांडली तेव्हा त्यांतून एक कारण दिसले. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही.

स्नो यांनी जंतू पाहिला नव्हता. सूक्ष्म जीव जगाला दिसले होते ते त्याच्याही पूर्वी, सतराव्या शतकात. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी. विद्यापीठात शिकलेले नव्हते, लॅटिन येत नव्हते. स्वतः घासून केलेल्या भिंगातून त्यांनी तळ्याचे पाणी, मिऱ्यांचे पाणी, दातांवरचा मळ पाहिला आणि त्यांत हालचाल करणारे असंख्य जीव आढळल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. लोकांना नवल वाटले; पण या जीवांचा रोगाशी काही संबंध असेल, हे सिद्ध व्हायला आणखी जवळजवळ दोनशे वर्षे लागली. लुई पाश्चर यांनी दाखवले, की नासणे आणि आंबणे ही जीवांची कामे आहेत आणि हे जीव आपोआप उत्पन्न होत नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पुढे त्यांनी पटकीच्या जंतूचा माग इजिप्तमध्ये घेतला आणि १८८४ च्या आरंभी तो कलकत्त्यात नक्की केला.

क्षयाची तोवरची समजूत काय होती? कोठे तो घराण्याचा शाप, कोठे नाजूक प्रकृतीचा दोष, कोठे पूर्वजन्मीचे पाप. कॉख यांच्या भिंगाखाली एक बारीक काडी दिसली, आणि ती राजाच्या थुंकीत व रंकाच्या थुंकीत एकसारखी होती. जंतूला जात कळत नाही, गोत्र कळत नाही. शास्त्राने माणसाला दिलेला हा पहिला धडा: रोग हा निवाडा नव्हे. आजारी माणूस अपराधी नव्हे.

पण या धड्याची दुसरी बाजूही लगेच पुढे आली. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे मोठे आरोग्यशास्त्रज्ञ. नुसत्या जंतूने पटकी होते हे त्यांना मान्य नव्हते. १८९२ साली वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते पटकीच्या जंतूंनी भरलेले पाणी प्याले. थोडे पोट बिघडले, आणि ते जगले. नुसत्या जंतूने पटकी होत नाही हा त्यांचा निष्कर्ष चुकला होता; पण बी आणि जमीन दोन्ही पाहावी लागतात, हा त्यांचा आग्रह अगदीच खोटा नव्हता. याचे ताजे प्रमाण आपल्याच देशातले आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना काही महिने पोषक शिधा देऊन पाहिले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत हा शिधा पोचला, तेथे क्षयाची नवी लागण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाली. जंतू तोच, फरक ताटाचा.

आता मुंबईकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघड झाला. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. पाहता पाहता शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावाकडे पळाली. गिरण्यांना माणूस मिळेना, रोजची मजुरी रोज चुकती करण्याची पाळी मालकांवर आली. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. एका महिन्याने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

सरकारला जंतूचे नाव ठाऊक होते. तो माणसापर्यंत येतो कसा हे ठाऊक नव्हते. म्हणून लढाई चालली ती जुन्याच शत्रूशी, म्हणजे दुर्गंधीशी. गटारे धुतली, घरांना चुना लावला, सामान जाळले, माणसे ओढून दवाखान्यांत आणि छावण्यांत नेली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद हात दिले. पुण्यात त्याचा शेवट रँड यांच्या वधात झाला. मुंबईत १८९८ च्या मार्चमध्ये दंगल आणि संप झाला. पुढे कळले, की खरा वाहक उंदरावरील पिसू. पॉल-लुई सीमाँ यांनी हे १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. पण ते मानले जायला आणखी सातआठ वर्षे गेली आणि परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा सिद्ध व्हावे लागले. अर्धवट ज्ञान हाती दंडुका घेऊन आले, की लोक दंडुका पाहतात आणि ज्ञानही नाकारतात.

त्याच शहरात त्याच वेळी दुसरीही रीत दिसली. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. आम्हांला ही तारीख रँडसाहेबाच्या तारखेपेक्षा मोठी वाटते. आधी आपल्या दंडावर, मग दुसऱ्याच्या, हा नियम सर्व पुढाऱ्यांनी पाळावा असा आहे.

हे झाले जंतूचे. अणूची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, कारण जंतू निदान भिंगातून दिसतो.

येथे कोणी म्हणेल, की अणू आपल्या कणादांनी पूर्वीच सांगितला आहे. कणादांनी सांगितला, ग्रीसमध्ये डेमॉक्रिटस यांनी सांगितला. त्या प्रतिभेला आमचा नमस्कार. पण वस्तू तोडत गेल्यास शेवटी काही न तुटणारे उरले पाहिजे हा तर्क झाला. तर्काला तराजू मिळाला तो १८०८ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये. जॉन डाल्टन हे विणकराचे पुत्र, शाळामास्तर. पदार्थ एकमेकांशी संयोग पावतात ते ठरावीक वजनांत, असे त्यांना आढळले. कोळशाचा एक वायू घ्या, दुसरा घ्या; तेवढ्याच कार्बनशी एकात प्राणवायू जितका, दुसऱ्यात बरोबर त्याच्या दुप्पट. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही. पिठाचे माप कितीही कमीजास्त होते; नाणी मात्र पूर्ण एक किंवा पूर्ण दोन द्यावी लागतात. निसर्ग नाण्यांत व्यवहार करतो, म्हणजे त्याच्यापाशी सुटी नाणी आहेत, हा डाल्टन यांचा निष्कर्ष.

तरीही शंभर वर्षे मोठमोठे विद्वान म्हणत राहिले, की अणू ही हिशेबाची सोय आहे, वस्तू नव्हे. माख आणि ऑस्टवाल्ड यांच्यासारखी माणसे त्यांत होती. ऑस्टवाल्ड यांचे समाधान झाले ते एका चमत्कारिक नाचामुळे. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी पाण्यातील परागांमधले बारीक कण भिंगाखाली पाहिले. ते सारखे थरथरत होते. जीव नसलेले कणही तसेच थरथरत. का, ते कळेना. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गणित मांडले, की पाण्याचे अदृश्य रेणू चारी बाजूंनी धक्के देतात म्हणून कण हलतो, आणि किती हलावा तेही सांगितले. झां पेरँ यांनी १९०८ पासून मोजून पाहिले, गणित उतरले. ऑस्टवाल्ड यांनी आपली चूक छापून मान्य केली. श्रोत्यांनी डोंगरावरून यात्रा पाहिली असेल. खांदेकरी दिसत नाहीत. पण पालखी डुलते, पुढे सरते, मागे रेटली जाते. पालखीच्या डुलण्यावरून खाली खांदे आहेत हे कळते, आणि नीट मोजले तर किती आहेत तेही कळते. पाण्याच्या एका थेंबात किती रेणू असतात? एकावर एकवीस शून्ये मांडावीत, त्याहूनही अधिक.

शास्त्राचा दुसरा धडा यात आहे. न दिसणारी वस्तू मानावी की न मानावी, हे श्रद्धेवर सोडण्याचे कारण नाही. तिची खूण शोधावी, खूण मोजावी, आणि मोजणी चुकली तर मत बदलावे. भूतही दिसत नाही आणि अणूही दिसत नाही. पण भुताने आजवर कोणाला माप घेऊ दिलेले नाही.

या दरम्यान अणूही न तुटणारा राहिला नाही. १८९५ मध्ये राँटगेन यांचे क्ष-किरण, १८९६ मध्ये बेकरेल यांना युरेनियमचे किरण, १८९७ मध्ये थॉमसन यांचा इलेक्ट्रॉन, १८९८ मध्ये मारी व पिएर क्युरी यांचे रेडियम. मुंबईत प्लेग चालू होता त्याच तीन-चार वर्षांत पदार्थाविषयीची जुनी कल्पना युरोपात कोसळत होती. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी सांगितले, की अणूचे जवळजवळ सारे वजन मधल्या चिमुकल्या केंद्रात आहे. त्या केंद्रातील शक्ती १९४५ च्या ऑगस्टात हिरोशिमा आणि नागासाकी येथे जगाने पाहिली.

पण अणूने घेतलेले पहिले बळी हिरोशिमाचे नव्हते. अमेरिकेतील न्यू जर्सीत १९१७ पासून तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग भरीत असत. ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितलेले होते. रसायनतज्ज्ञ मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरीत. शरीराला रेडियम आणि चुनखडीतील कॅल्शियम यांतला फरक ओळखता येत नाही. ते हाडांत जाऊन बसते आणि तेथून आयुष्यभर मारा करते. मुलींचे दात पडू लागले, जबडे सडले. १९२२ मध्ये मेलेल्या एकीच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते उपदंश. म्हणजे पुन्हा पाप! पाच वर्षांनी तिचे थडगे उकरले, तर हाडांतून रेडियमचे किरण निघत होते. पाच मुलींनी कंपनीवर दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि जिवंत असेतो वर्षाला सहाशे डॉलर. ती वर्षे फार राहिली नव्हती. पण कामावर मिळालेला रोग ही मालकाची जबाबदारी आहे, या तत्त्वाला त्या मुलींनी बळ दिले.

आता आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगून संपवतो. काही वर्षांपूर्वी खडी क्रशरवर काम करणारा एक मजूर आमच्याकडे आला. वय चाळिशीच्या आत. दहा पावले चालला की धाप लागे. एका दवाखान्यात क्षय म्हणून औषधे चालू होती, उतार नव्हता. मुकादमाने त्याला सांगितले होते, "विड्या ओढतोस, त्याचा हा प्रसाद." घरच्यांनी करणी उतरवण्यासाठी पैसे घालवले होते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि त्याला एकच प्रश्न विचारला, "काम काय करतोस, आणि किती वर्षे?" तोवर हा प्रश्न त्याला कोणीही विचारला नव्हता. रोग होता सिलिकोसिस. दगड फुटताना उडणारी अतिसूक्ष्म धूळ, केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नसलेले कण, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथे कायमचे वण करतात. त्यावर औषध नाही. अशा फुप्फुसात क्षयाचा जंतूही लवकर घर करतो, म्हणून फसगत होते. क्षय झाला तर ते रोग्याचे नशीब. सिलिकोसिस म्हटले तर नुकसानभरपाई. एका शब्दाचा हा फरक.

१९२३ च्या भरपाई कायद्यात आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात या रोगाचे नाव होते. आमच्या मजुराचे नाव मात्र हजेरीपटावर नव्हते. तो तेथे होता हे त्याच्या सोबत्यांनी शपथेवर सांगितले. निकाल लागला तेव्हा तो जगात नव्हता. पैसे बायकोच्या हाती पडले. त्याआधीचे सारे महिने तो गावी, घरी पडून होता. क्रशरवर त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती आणि क्रशरच्या हिशेबात कोणीही आजारी नव्हते.

तेव्हा आम्हांला मरीआईचा गाडा आठवला. खेड्यातील लोक तो अज्ञानाने शेजारच्या शिवेत ढकलीत. आज भिंग आहे, क्ष-किरण आहेत, धुळीचे माप घेणारी यंत्रे आहेत. आणि तरी गाडा ढकलला जातोच. कारखान्याचा रोग मजुराच्या गावी, शहराचे मैले पाणी खालच्या गावाच्या नदीत, आजच्या पिढीचा विषारी कचरा पुढच्या पिढीच्या दारात. फरक इतकाच, की ढकलणाऱ्याला आता गाड्यात काय आहे ते ठाऊक असते.

अणू आणि जंतू यांनी आपली जगाकडे पाहण्याची दृष्टी बदलली असे आपण म्हणतो. ती खरोखर बदलली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. शेजारच्या घरात कोणी खोकू लागले, तर आपण काय विचारतो? 'याचे काय पाप?' हा जुना प्रश्न. 'हा पाणी कोठले पितो, झोपतो कोठे, काम काय करतो, आणि किती वर्षे?' हा नवा. तो विचारायला पदवी लागत नाही, सूक्ष्मदर्शकही लागत नाही. डॉ. स्नो यांनी तो पायी हिंडून विचारला. आपणही विचारू लागू, तर गाडा आपल्याच शिवेवर थांबेल, आणि त्यात काय आहे ते उघडून पाहता येईल.